तडकलेली लगड

१

तिजोरी कुणी फोडली नव्हती. ती रोजच्यासारखी बंद होती, रोजच्यासारखी उघडली, आणि आतल्या निळ्या मखमली डबीत हार नव्हता.

एवढ्यावर दादाने घर डोक्यावर घेतलं आणि पोलिसांना फोन करायच्या आधी धाकट्या बहिणीला केला. "फौजदार, असशील तशी ये. मास्तरने घात केला."

बहीण खरोखरीची फौजदार होती. नोकरीतून निवृत्त झाली होती, पण नोकरी काही तिच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. तिला एका जागी बसवत नसे. चहासुद्धा ती फेऱ्या मारत प्यायची. शेजारीण म्हणायची, "बाई, तुम्हाला बघून आम्हालाच धाप लागते." दादाच्या घरात तिला सगळे आत्या म्हणत, कारण भाचीने लावलेलं नाव शेवटी सगळ्यांच्या तोंडी बसतं. एकटा दादा तेवढा फौजदार म्हणायचा.

दादाचं घर वर आणि दागिन्यांचा कारखाना खाली. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली, तीन बाकं, एक तिजोरी, गॅसची शेगडी आणि सोनं चेपून पट्टी करायचे दोन पोलादी रूळ. इथे सगळं हातानं व्हायचं. नक्षी वहिनी काढायची, घडवायचा मास्तर, आणि दादा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा.

हार आत्याच्या आईचा होता. गेल्याच आठवड्यात आत्याने तो बँकेतून काढून स्वतः मास्तरच्या हातात दिला होता, उजाळा देऊन भाचीला, चिमणीला, द्यायचा म्हणून. मास्तरने भिंग लावून हार उलटा केला, मागच्या कडीवर नख घासलं आणि विचारलं, "हा डाख कुणी लावला?" पिवळ्या रंगाखाली करडा ठिपका उघडा पडला होता.

आत्या हसली होती. "आमच्या बाबांनी. रेडिओ दुरुस्त करायचे ना. हार दाराच्या कडीत अडकून तुटला, आता आजी बोलणार म्हणून आई रडायला लागली. बाबांनी रेडिओच्या तारा जोडतात त्याच डाखाने जोडला आणि वरून पिवळा रंग फासला. दादा तेव्हा परगावी शिकत होता. आईने हे कुणाला म्हणून सांगितलं नाही."

"चांगला नवरा होता," मास्तर म्हणाला होता. "पण हा ठिपका कापून काढल्याशिवाय मी हार विस्तवाजवळ नेणार नाही."

का, ते आत्याने विचारलं नव्हतं. आणि आता हारच नव्हता.

"काल सुट्टी होती," दादा सांगत होता. "आम्ही दोघं खडे बघायला परगावी. चिमणी डोकं दुखतं म्हणून वर झोपलेली. आणि समोरच्या शिंप्याने मास्तरला कुलूप उघडून आत जाताना पाहिलं. विचारलं तर म्हणतो, चष्मा विसरला होता. पुढे तोंडाला कुलूप! मी त्याला घरी पाठवलाय. उद्या सकाळी पोलिसांत जाणार. आणि हे बघ, त्याच्या खणात काय सापडलं."

त्याने रुमाल उलगडला. आत बोराच्या बीएवढा जांभळा, चकाकता खडा होता.

"असला खडा आपल्याकडे आजवर आलेला नाही," दादा म्हणाला. "म्हणजे ही काही पहिली चोरी नव्हे."

२

वहिनीने खडा उजेडात धरला. "जांभळा आहे खरा. पण आरपार दिसत नाही." तिने तो परत दिला. एरवी ती अशा गोष्टीत तासभर रमली असती. आज तिचे डोळे सुजलेले होते आणि हात बाकावरच्या चिमट्यांशी उगाच चाळा करत होते.

आत्या रूळापासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून रूळापर्यंत चालत होती. "वहिनी, मला या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. सोन्याचं जरा सांग. पिवळा धातू, महाग, एवढंच मला माहीत."

"पिवळाच असतो असं नाही." बोलायला काम मिळाल्यावर वहिनी थोडी सावरली. "शुद्ध सोनं फार मऊ. नुसत्या त्याचा दागिना केला तर दोन दिवसांत वाकेल. म्हणून त्यात दुसरं काहीतरी घालावंच लागतं. तांबं जास्त झालं की लालसर दिसतं, चांदी जास्त झाली की हिरवट झाक येते. पांढरंसुद्धा करता येतं. सोनं म्हणजे आमच्या यांच्यासारखं. संगत कुणाची, त्यावर स्वभाव."

दादा दारात होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तिजोरीचा आकडा कुणाकुणाला माहीत?"

"आम्हा चौघांनाच."

"आणि सोनं वितळवता कुणाकुणाला येतं?"

"मास्तरना, मला आणि चिमणीला. यांनी शेगडीला हात लावला तर मी आधी पाण्याची बादली भरून ठेवते."

तिजोरीत बाकी सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टरीणबाईंनी आपलं सोनं बांगड्यांसाठी आणून दिलं होतं. ते तपासून घेऊन मास्तरने सगळ्यांसमोर वितळवून त्याची बोटाएवढी लगड ओतली होती. ती लगडही होती, वजनही बरोबर भरत होतं. त्या बांगड्या चिमणी करणार होती. शिकून आल्यावरचं तिचं पहिलं काम, पूर्ण एकटीचं.

"चोराने हार नेला आणि शेजारची लगड ठेवली?" आत्या थांबली. "लगड तर खिशातही मावली असती."

वहिनीने चिमटा खाली ठेवला. "माझं मन घेत नाही, ताई. मास्तरांनी माझ्या लेकीला कानस धरायला शिकवलं. पण ते नाहीत असं धरलं, तर मग उरतं कोण? घरातलेच की!"

आत्या कारखान्यातून रस्त्यावर आली, आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो तिच्या लक्षात आलं की आपण पायात घरातल्या सपाता तशाच ठेवून निघालोय.

३

मास्तर दारातच बसला होता. हाताला काम नसलेला माणूस बसतो तसा, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. त्याच्या बायकोने आत्याला पाणी दिलं आणि ती आत गेली.

"मास्तर, काल दुकानात कशाला गेला होतात?"

"चष्म्याला."

"चष्मा घेऊन लगेच निघालात?"

"शेगडीपाशी जरा थांबलो."

"का?"

मास्तरने तळवे गुडघ्यांवर चोळले.

आत्याने रुमाल उलगडून जांभळा खडा पुढे केला. "हा तुमच्या खणात कसा?"

"झाडताना जमिनीवर सापडला. ठेवून दिला." त्याने खड्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर वैताग आणि कौतुक एकदमच आलं. "दादांना म्हणावं, हा खडा नाही."

"मग काय आहे?"

"हातोडी घालून बघा."

"मास्तर, कोड्यात बोलू नका. उद्या सकाळी दादा चौकीवर जाणार आहे. तुमचं नाव लिहून देणार आहे."

"देऊ देत."

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. बायकोने मुद्दाम आदळलं होतं. "सांगा की एकदाचं!" ती आतूनच म्हणाली. "जन्मभर हात काळे केले आणि शेवटी तोंडही काळं होऊ द्यायचं का?"

मास्तरने मान वळवली नाही. "मी कुणाला पाठीशी घालत नाही, बाई. मी वाट बघतोय."

"कशाची?"

तो उठला आणि आत गेला. दार लोटलं नाही, पण आत बोलावलंही नाही. आत्याने आयुष्यभर चोर पाहिले होते. चोर घाबरतात, चिडतात, जास्त बोलतात. वाट बघणारा चोर मात्र तिने पाहिला नव्हता.

४

चिमणी वरच्या खोलीत टेबलापाशी होती. समोर कोरा कागद, हातात पेन्सिल, आणि पेन्सिलीचं टोक दातांनी चावून चावून बोथट झालेलं.

"डोकं कसं आहे?"

"बरंय." ती उठली, खिडकी उघडली, लगेच बंद केली. "आत्या, मास्तरकाकांनी नाही केलं हे. बाबांना सांग ना."

"कशावरून?"

"ते तसे नाहीतच. कुणीतरी बाहेरचं असेल."

"बाहेरच्याला तिजोरीचा आकडा कुठून कळला?"

चिमणीने खांदे उडवले. गळ्याशी हात नेला, परत खाली आणला.

"तुझाच हार होता," आत्या म्हणाली. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण आता तो थोडाच मिळणार आहे? सोनं ते. एकदा मुशीत गेलं की पाणी होतं. मग ते हाराचं होतं की बांगडीचं, कोण सांगणार?"

आत्या खोलीत फेऱ्या मारत होती. काहीतरी खटकलं, चपलेत खडा शिरावा तसं. पण कुठे खटकलं ते सापडेना. तिने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती खाली कारखान्यात आली.

वहिनी रूळांपाशी काम करत होती. बांगड्यांची मुदत जवळ आली होती आणि चिमणीचा हात चालत नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंची लगड तिने स्वतःच घेतली होती. आत्याने कोपऱ्यातली ऐरण पुढे ओढली, जांभळा खडा तिच्यावर ठेवला आणि हातोडी उचलली.

एकाच ठोक्यात त्याचा चुरा झाला. काचेसारखा फुटला. पण काचेचा चुरा पांढुरका दिसला असता. हा चुरा जांभळाच होता, आणि बोटाला लागला तो गारगोटीसारखा नाही, धातूसारखा, जड.

"वहिनी," ती म्हणाली, "सोनं जांभळं होतं का गं?"

रूळांच्या पलीकडून वहिनीची किंकाळी आली.

५

लगड तडकली होती. रूळांतून पहिल्यांदा बाहेर आली ती कडेला चिरा घेऊन, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा वाळलेल्या चिखलासारखी फाटली होती.

"सोनं असं तुटत नाही!" वहिनीचा आवाज फाटला. "सोन्याचा कितीही पातळ पत्रा करा, ते लोण्यासारखं पसरतं. हे... हे सोनं आजारी आहे!"

दादा धावत आला. "डॉक्टरीणबाईंनीच खोटं दिलं असेल."

"आपण तपासून घेतलं होतं. चोख होतं."

"मग मास्तरने ओतताना काही घातलं असेल."

"मास्तर?" वहिनी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली. "सोन्याला कशाने रोग लागतो हे ज्यांनी मला शिकवलं, ते? शिशाचा नुसता कण गेला तरी सोनं ठिसूळ होतं, म्हणून ते शिसं या खोलीत आणूसुद्धा देत नाहीत!"

आत्या एकदम थांबली. ती चालता चालता अशी जागच्या जागी थांबली की दादाला वाटलं हिला चक्कर आली.

"वहिनी, ही लगड तपासायला किती वेळ लागेल?"

"परख केंद्र पुढच्याच चौकात आहे. यंत्राखाली धरायची फक्त."

"जा. आणि आत काय काय निघतं ते सगळं विचार."

वहिनी परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने कागद पुढे केला आणि खुर्चीत बसली. सोनं होतं, तांबं होतं, चांदी होती. आणि अगदी थोडं शिसं, त्याच्या जोडीला कथील.

"शिसं आणि कथील," ती म्हणाली. "हा तर तारा जोडायचा साधा डाख झाला. हा सोन्यात आला कुठून?"

आत्याला माहीत होतं कुठून. तिच्या डोळ्यांसमोर बाबांचा वाकलेला माथा आला, धुराची बारीक रेघ आली, आणि दारात उभी राहून रडता रडता हसणारी आई आली. हार घराबाहेर गेलाच नव्हता. तो तिच्यासमोर, रूळांच्या दातांत फाटून पडला होता.

"दादा," ती म्हणाली, "पोलिसांना फोन करू नकोस. मी वर जाऊन येते. तुम्ही दोघं इथेच थांबा."

"तुला कळलंय का कोण ते?"

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

६

"चिमणे, मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

चिमणी पलंगाच्या कडेला बसली होती. आत्या आज पहिल्यांदाच तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"सकाळपासून सगळे विचारत होते, हार कुठे गेला. कुणी म्हणालं नेला, कुणी म्हणालं विकला. फक्त एक जण म्हणालं, मुशीत गेला. मला तेव्हा खटकलं, पण कळलं नाही. खालची लगड आता तपासलीय. तिच्यात रेडिओचा डाख निघाला. तुझ्या आजीचा हार माझ्या बाबांनी त्याच डाखाने जोडला होता, वरून पिवळा रंग लावून. म्हणजे हार वितळवून कुणीतरी त्याचीच लगड ओतली आणि डॉक्टरीणबाईंच्या लगडीच्या जागी ठेवली."

चिमणीची नजर टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे गेली.

"वितळवणं तिघांनाच येतं. तुझी आई काल परगावी होती. राहिले दोघं. मास्तरने तो ठिपका माझ्यासमोर भिंगातून पाहिला होता आणि तो कापल्याशिवाय हार विस्तवाजवळ नेणार नाही म्हणाला होता. मास्तर चोर असता, तरी त्याने आधी ती कडी कापून फेकली असती. चोराला त्या ठिपक्याचा पत्ता नव्हता. रंगाखाली काय आहे ते चोराने बघितलंच नाही, कारण चोर घाईत होता, घाबरलेला होता. आणि घाबरायचं कारण मी मघाशी ऐरणीवर फोडलं. जांभळं सोनं."

"त्यात अ‍ॅल्युमिनियम असतं," चिमणी म्हणाली. आवाज इतका बारीक की आत्याला पुढे वाकावं लागलं. "ठरावीक प्रमाणात घातलं की जांभळं होतं. मी फक्त एक फूल करणार होते, आत्या. बांगडीवर एकच जांभळं फूल. कुणाकडेच नसतं तसं. लगडीचा एक तुकडा कापला. रंग आला, पण हात लावला की फुटायचं. मग दुसरा कापला. वाटलं, या खेपेला जमेल. मग..."

"मग लगड संपली."

"फुकट गेलेलं नाही ते. गाळून शुद्ध करता येतं. पण बाहेर पाठवायचं म्हणजे बाबांना सांगायला हवं. पहिलंच काम माझं. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, माझी लेक करतेय, माझी लेक करतेय." तिने पेनांचा डबा उचलून पालथा केला. पेन्सिलींबरोबर कागदाची एक पुडी पडली. तिच्यात जांभळा चुरा होता आणि हाराची, वजन भरल्यावर उरलेली, सोन्याची दोन पानं. "मला वाटलं, हार माझाच आहे. माझंच मी वापरलं तर त्याला चोरी कसं म्हणायचं?"

"हाराचं मी सोडून देईन," आत्या म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "आईचा होता, जिवाला लागलंय, पण सोडून देईन. मास्तरचं काय? ते सकाळी तुझ्यासमोर दुकानातून बाहेर पडले. तुझ्या बापाने त्यांचा खण उलटा केला. तू जिन्यात उभी होतीस, तुझी आई म्हणाली मला."

चिमणीने तोंड झाकून घेतलं. "ते काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांना कळलं होतं, आत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं."

"चल," आत्या उठली. "खाली तुझे आईबाप बसलेत."

७

दादाने ऐकून घेतलं आणि तिजोरीचं दार लावलं. ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने चपला घातल्या. "मास्तरकडे जायला हवं," तो म्हणाला, आणि त्याचा गोड बोलायचा धंदा त्या वाक्यानंतर त्याला एकही शब्द देईना.

मास्तरच्या दारात तो उभा राहिला, हात जोडले, तोंड उघडलं, मिटलं. मास्तरची बायको आतून बाहेर आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. दादाला तिच्याकडे बघवेना.

"राहू द्या," मास्तर म्हणाला. "तुम्ही मला चोर म्हणालात, त्याचा राग आहेच, आणि तो राहील. दुकानात मी आता यायचा नाही. पण मी वाट तुमची बघत नव्हतो." तो चिमणीकडे वळला. "काल मी आलो तेव्हा शेगडी गरम होती, जमिनीवर जांभळा तुकडा पडला होता. मला लगेच कळलं. मी सकाळीच बोललो असतो तर माझं नाव सुटलं असतं. पण मला वाटलं, ही मुलगी स्वतः बोलेल. खण उलटा होताना बोलेल. मी बाहेर पडताना बोलेल. दुपारी बोलेल. दारात बसून होतो मी."

चिमणी रडत होती. कुणीच तिला जवळ घेतलं नाही, वहिनीनेसुद्धा नाही.

"रडून झालं की ऐक," मास्तर म्हणाला. "तडकलेलं सोनं आणि तो चुरा, दोन्ही वेगवेगळं शुद्ध करायला पाठवा. मिसळू नका. बाईंचं सोनं बाईंना मिळेल, हाराचं हाराला. आणि ज्यांचं सोनं होतं त्यांना आधी सांगून या. आजच. तू एकटीने."

डॉक्टरीणबाईंचं घर चार गल्ल्या सोडून होतं, पहिल्या मजल्यावर. सबंध रस्ताभर चिमणी आत्याच्या अर्धं पाऊल मागे चालत होती. जिन्याशी आल्यावर आत्याने सवयीने पहिली पायरी चढली.

"आत्या, तू खाली थांब."

"मी फक्त शेजारी उभी राहीन. बोलणार नाही."

"नको. थांब ना खाली."

आत्या खाली थांबली. फाटकापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून फाटकापर्यंत. वर चिमणी दारापाशी पोचल्याचं पावलांवरून कळलं. घंटा काही वाजेना. आत्याचा पाय दोनदा पायरीकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. एखाद्या गुन्हेगाराच्या कबुलीसाठीही ती कधी एवढी कासावीस झाली नव्हती.

मग घंटा वाजली. दार उघडलं.

"अगं, तू? बांगड्या झाल्या वाटतं!"

"नाही," वरून चिमणीचा आवाज आला. तो कापत होता, पण थांबला नाही. "तुमचं सोनं माझ्या हातून बिघडलं. मी सगळं सांगते. आत येऊ का?"

मग दार मिटलं, आणि चिमणी आत होती की बाहेर, ते बघायला आत्या धावतच जिना चढली. पायरीवर कुणी नव्हतं. दारासमोर फक्त चिमणीच्या चपला होत्या.

आत्या तिथेच, वरच्या पायरीवर, त्या चपलांशेजारी बसली.